कोरियाला जायचंय? आधी बी.एड. बघा

भोरहून स्वारगेटच्या एसटीत के-ड्रामा बघताना ‘तिकडे जाऊन इंग्रजी शिकवू’ असं मनात आलंय? मग मित्रांनो, नियम नीट वाचा. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ‘ई-२’ व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांसाठी आहे. तुमचं इंग्रजी कितीही फाकडू असो, तिथं पासपोर्ट बघतात. हे खटकतंच.

पण एक दार उघडं आहे. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक करारानुसार, इंग्रजीची पदवी आणि इंग्रजी शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयाला तिथल्या शाळेत सहायक शिक्षक होता येतं. म्हणजे आधी इंग्रजीत बी.ए., मग बी.एड. ‘कुठलीही पदवी चालेल, पैसे भरा’ म्हणणाऱ्या एजंटाला आई-बाबांची शेत विकून जमवलेली रक्कम देऊ नका. शिवाय हा व्हिसा नोकरीशी बांधलेला असतो. मनाला येईल तेव्हा शाळा बदलता येत नाही. करार वाचूनच सही करा.

आणि कोरिया नाहीच जमलं तरी बी.एड. वाया जात नाही. वेल्ह्यातल्या हायस्कूललाही चांगला इंग्रजी शिक्षक हवाच असतो.