तोफेचा नांगर, नांगराची तोफ

मे २०२५ मध्ये सीमेवर चार दिवस संघर्ष पेटला होता. त्यातल्या एका संध्याकाळी मी शिरोली एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. मोबाइलवर बातम्या चालू होत्या. पाळी संपवून आलेला एक मोल्डर म्हणाला, "लढाई लांबली तर आपल्या फाउंड्रीत बी तोफगोळं वतायला लागतील काय हो?" शेजारचे हसले. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेता आला नाही.

साधं उत्तर 'नाही' असं आहे. मोठ्या तोफेच्या गोळ्याचं कवच पोलाद तापवून, दाबून घडवतात. बिडाच्या भट्टीतून ते थेट निघत नाही. शिवाय त्यात स्फोटक भरणं, फ्यूज बसवणं आणि चाचणी ही कामं वेगळ्या कारखान्यांची. पण सैन्य फक्त गोळ्यांवर लढत नाही. ट्रकचं इंजिन, ब्रेक ड्रम, पाण्याचा पंप, व्हॉल्व्ह हे सगळं लागतंच, आणि अशी कास्टिंग्ज तर कोल्हापूर रोज ओततं. युद्धासाठी उद्योग उभा करणं म्हणजे प्रत्येक कारखान्याला त्याला जमेल ते काम देणं. त्यासाठी ड्रॉइंग, कच्चा माल आणि खात्रीची ऑर्डर वेळेवर पोचावी लागते. पॅटर्न बनवून नमुना पास होईपर्यंतच महिने जातात. अमेरिकेत फोर्ड कंपनीनं विलो रनचा विमान कारखाना १९४१ मध्ये बांधायला घेतला. तासाला एक बॉम्बर हा वेग गाठायला १९४४ उजाडलं. तेही देशातलं खासगी मोटारींचं उत्पादन फेब्रुवारी १९४२ मध्ये बंद करून.

आपल्या भागाला युद्धाची झळ नवी नाही. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासं झालं आणि किर्लोस्करवाडीचा नांगराचा कारखाना अडचणीत आला. तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या लोखंडी तोफा वितळवायला दिल्या, ही गोष्ट कोल्हापुरात आजही अभिमानानं सांगितली जाते. जग नांगर मोडून तोफा करत होतं, तेव्हा इथं तोफेचा नांगर झाला. राजाला कळलं होतं की लढाईच्या काळातही शेत पिकलं पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात परक्या सरकारनं हे भान सोडलं. गिरण्यांचं कापड मोठ्या प्रमाणावर लष्कराकडे वळलं, बाजारात टंचाई आणि काळाबाजार माजला, १९४३ मध्ये कापडावर नियंत्रणाचा आदेश काढावा लागला. युद्धाच्या खर्चासाठी नोटा छापल्या गेल्या, महागाई भडकली. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. सुमारे तीस लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. कारखाने चालू होते, मालही निघत होता. किंमत मात्र भूमिहीन मजूर, कोळी आणि नावाडी यांनी मोजली. म्हणून 'युद्धपातळीवर उत्पादन' हे शब्द ऐकले की मी आधी विचारतो, टंचाई कोणाच्या वाट्याला येणार?

दुसरा प्रश्न, कामावर कोणाला घेणार? अमेरिकेत शस्त्रांचे कारखाने वाढत होते, पण काळ्या कामगारांना दारं बंद होती. कामगारनेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चाचा इशारा दिला. तेव्हा २५ जून १९४१ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांत वंश आणि धर्मावरून भेदभावाला बंदी घालणारा आदेश काढला. त्याच रूझवेल्टनी पुढच्या वर्षी सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. देशानं त्यांची माफी मागितली ती १९८८ मध्ये.

हे मी मुद्दाम लिहितो. सीमेवर गोळी सुटली की आपल्याकडेही काही माणसांकडे संशयानं पाहिलं जातं. भट्टीजवळ हे परवडत नाही. चौदाशे अंशांवरचा रस लॅडलमधून ओतताना समोरच्यावर विश्वास नसेल तर हात कापतो. ज्याच्या निष्ठेचा रोज पुरावा मागितला जातो, तो माणूस जीव ओतून काम कसा करील?

१९०६ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापडगिरणी काढली आणि त्याच वर्षी मुस्लिम बोर्डिंगही सुरू झालं. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. यंत्र आणायचं तर ते चालवणारी शिकलेली माणसंही तयार करावी लागतात, आणि ती सगळ्या समाजांतून आली पाहिजेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. देशाला संकटात उद्योग उभा करायचा असेल, तर तयारी शांततेतच करावी. छोट्या कारखानदाराचं बिल वेळेवर द्यावं. कंत्राटी मोल्डरला विमा आणि कायम काम मिळावं. आयटीआयचं दार प्रत्येक मोहल्ल्यातल्या मुला-मुलीसाठी उघडं असावं. आणि लढाई आलीच, तर रेशनचं दुकान कारखान्याइतकंच महत्त्वाचं मानावं.

लढाई होऊ नये, हीच प्रार्थना. टपरीवरच्या त्या मोल्डरनं चहा संपवला आणि जाताना म्हणाला, "उद्या पंपाचं कास्टिंग हाय, लवकर यायचंय." त्या पंपाचं पाणी कुणाच्या तरी उसाला जाणार आहे. त्याच्या हातून हेच ओतलं जात राहावं.