आजीचा आजार नातीच्या नशिबी?

मदन महल स्टेशनजवळच्या गल्लीतले एक घर. घरातली माणसे मराठी, पण तीन पिढ्या जबलपूरमध्ये गेल्याने बोलण्यात हिंदी शब्द सहज येणारे. आजींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. वर्षभरापासून त्या गॅसवर दूध ठेवून विसरतात, जेवण होऊन तास झाला की "मला कुणी जेवायला विचारलंच नाही" म्हणून रुसतात, कधी मुलालाच धाकट्या दिराच्या नावाने हाक मारतात.

नातीला पाहायला नागपूरहून पाहुणे यायचे ठरले, तशी घरात कुजबुज सुरू झाली.

"अहो, आईंना त्या दिवशी वन्संकडे ठेवू या का?" सुनेने विचारले.

"ठेवू या. उगाच काही बोलून गेली, तर घराण्यातच आहे म्हणतील आणि स्थळ हातचं जाईल."

दाराशी उभ्या असलेल्या नातीने मात्र वेगळाच प्रश्न विचारला, "बाबा, आजीला आहे म्हणजे तुम्हालाही होणार? आणि मग मलाही?"

दोघांकडेही उत्तर नव्हते.

अशी घरे कोणत्याही गावात सापडतील. कुठे आजींचे विस्मरण असते, कुठे वडिलांचा मधुमेह, कुठे काकांचे हृदय. 'घराण्यात आहे' हे दोन शब्द उच्चारले की काही जण हात टेकतात आणि काही जण पडदा ओढतात. वास्तविक दोन्हींची गरज नाही. म्हातारपण आणि म्हातारपणचे आजार यांत जनुकांचा वाटा किती, याविषयी गेल्या ३०-३५ वर्षांत पुष्कळ काही कळले आहे आणि ते नातीला धीर देणारेच आहे.

एका जनुकाचे आजार वेगळे

जनुक म्हणजे आईवडिलांकडून आलेली सूचना. शरीरातील पेशीने कोणते प्रथिन बनवायचे हे ती सांगते. काही आजार एकाच जनुकातील बिघाडामुळे होतात. जबलपूरकरांना याचे उदाहरण दूर शोधायला नको. मदन महलपासून जवळच, गढा भागात, आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था १९८४ पासून आहे. सिकलसेल या रक्ताच्या आजारावर तेथे बरेच काम झाले आहे. या आजाराचा हिशेब सरळ असतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक. म्हणूनच त्याबाबत लग्नापूर्वी रक्त तपासून घेण्याचा आग्रह धरला जातो.

म्हातारपणीच्या बहुतेक आजारांचा हिशेब मात्र असा सरळ नसतो. तेथे अनेक जनुके थोडा थोडा हातभार लावतात आणि बाकीचे काम आहार, व्यायाम, व्यसने, शिक्षण आणि राहणीमान करते.

वय ठरवणारे एकच जनुक नाही

म्हातारपणाचा जनुकांशी संबंध जोडणाऱ्यांत एक भारतीय शास्त्रज्ञ अग्रणी होते. वाराणसीच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयातील प्रा. मधुसूदन कानुनगो यांनी १९७५ मध्ये असा विचार मांडला की, वयाबरोबर काही जनुकांचे काम मंदावते, काहींचे बदलते आणि त्यातून वार्धक्य येते. पुढे १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील सिंथिया केन्यन यांनी मातीतल्या एका सूक्ष्म किड्याचे एकच जनुक बदलले, तर त्याचे आयुष्य दुपटीहून वाढले. तेव्हा जगभर खळबळ उडाली.

पण माणूस म्हणजे एक मिलिमीटरचा किडा नव्हे. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्यांच्या २,८७२ जोड्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसामाणसांच्या आयुर्मानात जो फरक पडतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश असल्याचे त्यातून दिसले. पुढच्या संशोधकांपैकी काहींनी हा आकडा कमी, तर काहींनी जास्त काढला. परंतु सगळेच जन्मतः ठरलेले असते, असे कोणीही म्हणत नाही.

विस्मरणाचे काय?

आता नातीचा प्रश्न. अल्झायमर या विस्मरणाच्या आजाराशी संबंधित असलेले एक महत्त्वाचे जनुक १९९३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले. त्याचे नाव एपीओई. त्याचा 'ई-४' हा प्रकार आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तर धोका वाढतो, दोघांकडूनही आला तर पुष्कळच वाढतो. तरीही ई-४ असलेल्या अनेकांना हा आजार कधीच होत नाही आणि ई-४ नसलेल्या अनेकांना तो होतो.

हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांतील वृद्धांची अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या वृद्धांशी तुलना केली, तेव्हा ई-४ चे प्रमाण आपल्याकडे कमी आढळले. म्हणून निश्चिंत राहावे असे मात्र नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या १०० भारतीयांपैकी सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे देशात जवळजवळ ८८ लाख माणसे. स्त्रियांमध्ये प्रमाण अधिक आहे.

दिलासा देणारी गोष्ट अशी की, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये टाळता येण्यासारखी १४ कारणे सांगितली. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी शिक्षण, एकटेपणा, ऐकू कमी येणे ही त्यांतलीच. ती सगळी दूर करता आली, तर स्मृतिभ्रंशाचे जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलता येईल, असा समितीचा अंदाज आहे. आजींना वेळेवर श्रवणयंत्र लावून देणे हासुद्धा यातलाच उपाय!

पुण्याचा धडा

मधुमेहाचेही असेच आहे. मधुमेहाचा धोका वाढवणारा एका जनुकाचा प्रकार आधी आइसलँडमध्ये सापडला होता. तो भारतीयांमध्येही तितकाच महत्त्वाचा आहे, हे हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील डॉ. गिरिराज चांडक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने २००७ मध्ये दाखवले.

याच डॉ. याज्ञिकांचे आणखी एक उदाहरण बोलके आहे. २००४ मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्यासोबत स्वतःचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून बारीक असेलच असे नाही.

हृदयाच्या बाबतीत सीसीएमबीतील डॉ. कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक दोष जगासमोर आणला. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातील २५ अक्षरे काही लोकांत गळालेली असतात. सुमारे ४ टक्के भारतीयांमध्ये हा दोष आहे. तरुणपणी त्यांना बहुधा काहीच जाणवत नाही, त्रास होतो तो उतारवयात. अशा घरात 'काका पन्नाशीत हृदयाने गेले' ही माहिती पुतण्याच्या डॉक्टरांना असणे किती मोलाचे, हे सांगायला नको.

लपवू नका, लिहून ठेवा

घरातील आजार लपवण्याचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे. पाहुण्यांपासून लपवता लपवता तो डॉक्टरांपासूनही लपतो.

म्हणून एका वहीत तीन पिढ्यांची नोंद करावी. आजी-आजोबा, आई-वडील, काका, आत्या, मामा, मावशी, भावंडे यांपैकी कोणाला कोणता आजार झाला आणि मुख्य म्हणजे कोणत्या वयात झाला, ते लिहावे. आजार जितक्या कमी वयात झालेला, तितके पुढच्या पिढीने अधिक सावध असावे. माहेर आणि सासर दोन्हीकडची माहिती हवी. "तुमच्या माहेरून आलं" असे सुनेला ऐकवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, अपत्याला निम्मी जनुके आईकडून तर निम्मी वडिलांकडून येतात.

घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर तिशीनंतर दरवर्षी तपासणी करावी. सरकारी आरोग्य केंद्रांतही ३० वर्षांपुढील व्यक्तींसाठी ही सोय आहे.

घरबसल्या लाळ पाठवून भविष्य सांगणाऱ्या जनुक चाचण्यांच्या मागे लागू नये. निरोगी माणसाने एपीओईची चाचणी करून घ्यावी असा सल्ला डॉक्टर सहसा देत नाहीत, कारण निकाल कोणताही आला तरी रोज चालणे आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे चुकत नाही. म्हातारपण थांबवण्याचा दावा करणाऱ्या महागड्या गोळ्यांनाही भुलू नये.

आणि आजींचे काय? त्यांना आत्याकडे पाठवण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड किंवा मनाची उदासी यांमुळेही विस्मरण होते आणि त्यावर उपचार आहेत. अल्झायमर निघालाच, तरी ओळखीच्या घरात, ओळखीच्या माणसांत अशा रुग्णाला अधिक बरे वाटते. परक्या घरी एक दिवस काढणेही त्यांना गोंधळात टाकते.

मग पाहुणे येतील तेव्हा आजी आपल्या नेहमीच्या खुर्चीवरच बसलेल्या असाव्यात. त्यांनी दोनदा चहा विचारला, तर सुनेने सरळ सांगावे, "आईंना हल्ली आठवत नाही, उपचार चालू आहेत." नातीला सासर कसे मिळणार आहे, हे त्यानंतर पाहुणे आजींशी कसे वागतात त्यावरूनही कळेल.