आधी भिंत बघा

‘हॉलमध्ये नेट पळतंय, बेडरूममध्ये रेंज नाही.’ ही तक्रार आपल्यापैकी कोणालाच नवी नाही. अलीकडे तिच्यामागोमाग ‘मेश लावून द्या’ हेही ऐकू येते. ग्राहकाने व्हिडिओ पाहिलेले असतात, तीन पांढऱ्या डब्यांचा संच निवडून ठेवलेला असतो, आणि आपल्याकडून त्याला फक्त होकार हवा असतो. आपल्यातले बरेच जण तो देऊनही टाकतात. गिऱ्हाईक सैल हाताचे दिसले तर मेश, चिक्कू दिसले तर एक्स्टेंडर. या सगळ्यात घर बघायला कोणी जात नाही.

खोक्यावर छापलेल्या चौरस फुटांवर तर भरवसा ठेवूच नये. घरगुती मेशची लाट २०१६ च्या सुमारास ईरो आणि गूगल वायफाय यांच्याबरोबर अमेरिकेतून आली. तिथल्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे पातळ बोर्ड. आपल्याकडे नऊ इंची वीटकाम, मजल्यामजल्यात लोखंडी सळ्यांचा स्लॅब, कोकणात आणि गोव्यात जांभा, जुन्या वाड्यांत हात-दीड हात जाडीची दगडमातीची भिंत. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा एका भिंतीतच दमतो, दुसरीत संपतो. मध्ये लोखंडी कपाट, मोठा आरसा किंवा पाण्याची टाकी आली तर बघायलाच नको.

तेव्हा मेश की एक्स्टेंडर हे नंतर ठरवू. दुसऱ्या डब्यापर्यंत डेटा कशावरून जाणार, ते आधी ठरले पाहिजे.

स्वस्त एक्स्टेंडर ज्या चॅनेलवर राउटरचे ऐकतो, त्याच चॅनेलवर फोनशी बोलतो. प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जाते, म्हणून वेग निम्म्यावर येतो, तोही सिग्नल चांगला असताना. दोन बँडचे एक्स्टेंडर एका बँडवर घेऊन दुसऱ्यावर देऊ शकतात, पण खोक्यावरचा आकडा तिथेही फसवतो. ‘एसी १२००’ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ मिळून वर गोल केलेली बेरीज. कोणत्याही एका फोनला ती बेरीज मिळत नाही, आणि तेसुद्धा कागदावरचे कमाल आकडे. अशा अनेक डब्यांच्या पाठीमागचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. ग्राहकाचा प्लॅन २०० चा असेल तर वायर जोडूनही अर्धा पैसा भिंतीत.

मेश म्हटले म्हणून हवेचे नियम बदलत नाहीत. दोन बँडच्या मेशमध्ये नोड एकमेकांशी बोलतात ते साधारणपणे ५ गिगाहर्ट्झवर, आणि घरातले फोनही तिथेच गर्दी करून असतात. तीन बँडचा संच नोडसाठी वेगळी वाट ठेवतो. तो चांगला, महागही. पण दोन नोडमध्ये स्लॅब आणि नऊ इंची भिंत असेल तर ती वेगळी वाटही तिथेच अडते.

राहिली वायर. कॅट-६ वर १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट बिनबोभाट जाते. मात्र केबल अस्सल तांब्याची हवी, वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असली नको. चारही जोड्या नीट क्रिंप झालेल्या हव्यात. एकाच केबलमधल्या दोन जोड्या नेटला आणि उरलेल्या दोन दुसऱ्या कनेक्शनला द्यायची जुनी सवय अजून सुटलेली नाही. तिथे लिंक १०० वर अडकते आणि शिव्या मेशला बसतात.

वायर पोचली की मेशची गरजही बऱ्याच घरांत उरत नाही. ग्राहकाच्या माळ्यावर पडलेला जुना, पण ५ गिगाहर्ट्झ असलेला राउटर घ्या. त्याचे डीएचसीपी बंद करा, आयपी पत्ता बदला, केबल लॅन पोर्टमध्ये लावा. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच ठेवा, चॅनेल मात्र वेगळे. २.४ वर १, ६, ११ यांपैकीच, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. तीस फ्लॅटच्या सोसायटीत ४० ची रुंदी लावणारा शेजाऱ्यांचे वाटोळे करतोच, स्वतःचेही करतो.

‘पण मेशमध्ये चालता चालता फोन आपोआप बदलतो ना?’ असे ग्राहक हमखास विचारतो. वायफायमधल्या के, व्ही आणि आर या रोमिंगच्या सोयी फोनला मदत करतात, पण कोणता डबा कधी सोडायचा हे शेवटी फोनच ठरवतो. आयफोन साधारण उणे ७० डीबीएमच्या खाली सिग्नल गेल्यावरच नवा शोधू लागतो. दोन खोल्यांत दोन नोड पूर्ण ताकदीने लावले, तर फोन जुन्यालाच चिकटून बसतो. सेटिंगमध्ये सोय असेल तर ताकद कमी करा, नसेल तर एक नोड काढून घ्या. विकलेला डबा परत घेणे जिवावर येते, हे मान्य.

एक्स्टेंडरला मी मोडीत काढत नाही. भाड्याचे घर, जिथे मालक भिंतीला खिळा मारू देत नाही, गेटवरचा एखादा कॅमेरा, आजीचा रात्रीचा व्हिडिओ कॉल, एवढ्यासाठी तो पुरतो. फक्त तो रेंज नसलेल्या खोलीत लावू नका. त्याला स्वतःला उणे ६५ च्या आसपास सिग्नल मिळेल अशा अलीकडच्या जागी लावा. जे मुळात पोचलेच नाही, ते तो पुढे काय देणार?

हे सगळे ठरते घर फिरून, आणि त्या फिरण्याचे पैसे आपण घेत नाही, ही खरी अडचण आहे. फुकट भेटीचा खर्च मग डब्याच्या नफ्यातून काढायचा, म्हणजे डबा विकलाच पाहिजे. प्लंबरही गळती बघायला येण्याचे पैसे घेतो. तपासणीची फी आधी सांगा, काम मिळाले तर बिलातून वजा करा. फोनवरचे मोफत ॲप घेऊन खोलीखोलीत डीबीएम मांडा. उणे ६७ च्या वर सगळीकडे असेल तर ‘काही घेऊ नका, फक्त ओएनटी टीव्हीच्या मागून काढून मोकळ्यावर ठेवू’ असे सांगायची हिंमत त्या फीमुळेच येते. वरच्या मजल्याचा प्लग इन्व्हर्टरवर आहे की नाही, हेही त्याच फेरीत बघा. ओएनटी चालू आणि नोड बंद, असा प्रकार दिवे गेल्यावरच कळतो. मेशचा मुख्य डबा राउटर म्हणून चालवायचा असेल तर ओएनटी ब्रिजवर टाकून त्याचे वायफाय बंद करायला विसरू नका.

या अंकात तपासणीच्या नोंदीचा कोरा तक्ता दिला आहे. त्यात भिंतीचा प्रकार, जाडी, आणि भिंतीच्या अलीकडचा व पलीकडचा सिग्नल, दोन्ही बँडवर, असे रकाने आहेत. जांभा, वाड्याची भिंत, ब्लॉकचे नवे बांधकाम, जे हाती लागेल ते मोजून पाठवा. ग्राहकाचे नाव-पत्ता नको, फक्त गाव आणि भिंत.