हप्त्यांत विरघळलेली किंमत

प्रतिष्ठा चारचौघांच्या नजरेत भरावी म्हणून केल्या जाणाऱ्या खर्चाला इंग्रजीत शास्त्रीय संज्ञा मिळाली ती थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाच्या 1899 मधील ग्रंथामुळे. पोर्तुगीज भाषक ब्राझीलमध्ये मात्र अतिखर्चाची भाषा ग्रंथांपेक्षा दुकानांच्या दर्शनी काचांवर अधिक स्पष्ट वाचता येते. बूट असोत वा फ्रीज, ‘दहा हप्ते, सें जुरोस’, म्हणजे बिनव्याजी, ही अक्षरे तेथे अनेकदा एकूण किमतीहून ठळक असतात, आणि वस्तू परवडते का, या प्रश्नाची जागा हप्ता परवडतो का, हा प्रश्न घेतो. उधारीचा भार पुष्कळदा विक्रेत्याने किमतीतच मिळवलेला असल्यामुळे हे आश्वासन दिशाभूल करणारे ठरते.

खरा घाव पुढे बसतो. हे हप्ते ज्यात जमा होत जातात ते क्रेडिट कार्डाचे बिल पूर्ण न भरल्यास उरलेली रक्कम ‘रोटाटिव्हो’ या फिरत्या कर्जात जाते आणि त्याचा सरासरी वार्षिक व्याजदर 2023 मध्ये 400 टक्क्यांच्या वर होता. जानेवारी 2024 पासून अशा नव्या कर्जावरील व्याज व शुल्क मुद्दलाहून अधिक वाढू देता येत नाही, ही मर्यादा स्वागतार्ह असली तरी फार उशिरा आली. त्याआधी, 2021 मध्ये, अतिकर्जबाजारीपणाविरुद्ध, म्हणजे किमान गरजा भागवून देणी फेडणे अशक्य होण्याच्या अवस्थेविरुद्ध, कायदा झाला. परंतु कर्जाच्या जाहिरातीत ‘बिनव्याजी’ म्हणण्यास मनाई करणारे त्यातील कलम राष्ट्राध्यक्षांच्या नकाराधिकाराने वगळले गेले. ते कलम राहायलाच हवे होते.