गौरीची पावले आणि संस्थेची भिंत

देहाच्या हालचालीतून, त्याच जागेसाठी, थेट भिंतीवर काढलेल्या अमूर्त रेखाटनांना आपल्यातील जाणती मंडळीही ‘परदेशी खूळ’ म्हणू लागली, की मला त्यांच्याच घरच्या ज्येष्ठागौरी आठवतात. आवाहनाच्या दिवशी उंबऱ्यापासून उमटणारी ती पावले कशी काढतात? मूठ वळून तिची कड पिठाच्या पाण्यात बुडवायची, ठसा उमटवायचा आणि वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके द्यायचे. पाऊल उमटते ते हाताच्या मुठीतून! देहापासून अमूर्ताकडे जाणारी याहून सरळ वाट कोणती? शिवाय ती पावले उचलून दुसरीकडे मांडता येत नाहीत. त्यांचा अर्थ त्याच उंबऱ्याशी बांधलेला असतो.

मांडणशिल्पावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, ‘यातून काही कळत नाही.’ ठिपक्यांच्या रांगोळीतून काय कळते, असे आपण आजीला कधी विचारले होते का? दुसरा, देहाचे नाव काढताच होणारा संकोच. येथे देह म्हणजे नग्नता नव्हे. हाताचा पल्ला, पाठीचा बाक, श्वासाची लय आणि थकवा. रेघ जेथे थांबते तेथे हात पुरलेला नसतो, एवढाच तिचा प्रामाणिकपणा.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे : ‘टिकत नाही, मग खर्च कशाला?’ हा प्रश्न माळव्यात विचारला जावा, याचे नवल वाटते. पितृपक्षात येथल्या मुली भिंतीवर शेणाची संजा घालतात, फुलांनी सजवतात आणि अखेरीस विसर्जित करतात. नलिनी मालानी यांनी १९९२ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात थेट भिंतींवर चित्रे काढली. प्रदर्शनानंतर ती पुसली गेली. नाथद्वाऱ्याच्या जुन्या भित्तिचित्रांच्या दुर्दशेकडे लक्ष वेधणे हा त्यामागचा एक हेतू होता. ती चित्रे अमूर्त नव्हती, हे मान्य. परंतु पुसले जाणे हेही विधान असू शकते, हे त्यांनी दाखवले.

इंदूरला देवलालीकरांचा वारसा आहे. बेंद्रे आणि हुसेन त्यांच्याच हाताखाली शिकले. चिंचाळकर गुरुजींनी तर वाळक्या पानांत आणि टाकाऊ लाकडांत आकार पाहायला आपल्याला शिकवले. या नावांचा अभिमान आपण भाषणांत मिरवतो. नव्या हाताला भिंत देण्याची वेळ आली की मात्र ‘रंग खराब होईल’ म्हणतो. असा अभिमान ही निव्वळ मालकी झाली, वारसा नव्हे.

म्हणून मागणी साधी आहे. संस्थेच्या सभागृहाची एक भिंत एखाद्या तरुण चित्रकर्तीला तीन महिने द्यावी. तिने रेखाटावे, आपण पाहावे, भांडावेही. मग चुना फासावा. जुने वाडे पाडताना आपण इतकी विचारपूस केली नव्हती. त्यांच्या ओसरीवरच्या रांगोळ्या गेल्या; निदान रेघ ओढणारे हात तरी गमावू नयेत.