टेबलाचे पैसे हरणाऱ्याचे

धुळ्याच्या देवपुरातल्या एखाद्या पूल पार्लरमध्ये जाऊन विल्सन जोन्स हे नाव घेतलं, तर समोरचा पोरगा बहुधा विचारेल, ‘‘कुठला भो? ऑस्ट्रेलियाचा का?’’ त्याचा दोष नाही, नावच तसं आहे. पण माणूस पुण्याचा. २ मे १९२२ रोजी पुण्यातल्या एका अँग्लो-इंडियन घरात जन्मलेला, तिथंच शाळा शिकलेला. ५ ऑक्टोबर २००३ रोजी ते गेले, तेव्हा वय एक्क्याऐंशी होतं. दरवर्षी ऑक्टोबर येतो आणि जातो. खाशाबा जाधव आपल्याकडे तालमीतल्या लहानग्यालाही ठाऊक असतात, आणि असायलाच हवेत. पण त्यांच्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधल्या कांस्यपदकानंतर सहा वर्षांनी, १९५८ साली, कलकत्त्यात जोन्स हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जागतिक अजिंक्यपद मिळवणारा पहिला भारतीय म्हणजे हा पुणेकर. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवलं.

१९६४ साली त्यांचं वय बेचाळीस होतं. कुस्तीत त्या वयाचा पैलवान हौद्याच्या कडेला बसून पोरांना डाव सांगतो. जोन्स परक्या देशात, परक्या टेबलावर जग जिंकत होते. बिलियर्ड्सचं राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी १९५० ते १९६६ या काळात बारा वेळा मिळवलं. पहिलं आलं तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते, शेवटचं आलं तेव्हा चव्वेचाळीस. शिवाय स्नूकरची पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं, तीही हाताशी आली म्हणून घेतल्यासारखी.

आता बिलियर्ड्स म्हणजे नेमकं काय, हे सांगायलाच हवं, कारण आपल्या पार्लरमध्ये जो खेळ चालतो तो हा नव्हे. पूलमध्ये पंधरा चेंडू मांडायचे, फोडायचे आणि एकेक खिशात घालवून टेबल रिकामं करत जायचं. डोळ्यांना ते लगेच कळतं. बिलियर्ड्सला चेंडू मुळी तीनच. टेबल मात्र बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद, आणि खिसे इतके चिंचोळे की पूलची सवय असलेला पहिल्या दिवशी घाम पुसत बसतो. आपल्या चेंडूनं उरलेल्या दोन्हींना स्पर्श केला की दोन गुण, तो कॅनन. लाल खिशात गेला की तीन, आणि तो लगेच परत टेबलावर येतो. म्हणजे टेबल कधी रिकामं होतच नाही. एक फटका मारताना पुढचे तीन-चार मनात मांडलेले असावे लागतात. नाहीतर चेंडू पांगतात आणि तुमची पाळी संपते. साक्रीकडचा ठेलारी जशी मेंढरं नजरेच्या टप्प्याबाहेर जाऊ देत नाही, तसे ते तीन चेंडू वितीच्या अंतरात राखत शंभर, दोनशे, तीनशे गुण करत राहायचं. प्रेक्षकाला यात काय दिसणार? एक माणूस वाकतो, हलकंसं टोचतो, पुन्हा वाकतो. प्रतिस्पर्धी खुर्चीत बसून आहे. क्रिकेटवेड्या देशात हा खेळ मागे पडला याचं मला नवल वाटत नाही.

हे कौशल्य अंगात कसं येतं? एकट्यानं. समोर कोणी नसताना तोच कॅनन पुन्हा पुन्हा मारून. इथंच मला आपल्या पार्लरबद्दल बोलायचं आहे.

पूल पार्लर म्हटलं की धुळ्यातल्या घरांत कपाळाला आठ्या पडतात. कॉलेज बुडवणारी पोरं, धूर, पैजा. यातलं काही खोटं नाही. आई-बापांनी चिंता करावी असं तिथं पुष्कळ आहे, आणि मालकांनी त्याकडे डोळेझाक केलेली आहे, हेही तेवढंच खरं. पण सगळा दोष क्यूवर, म्हणजे खेळायच्या काठीवर, ढकलणाऱ्यांनी तिथला एक अलिखित नियम नीट पाहावा. टेबलाचे पैसे हरणाऱ्यानं द्यायचे. भाडं तासाचं, त्यामुळे एकट्यानं टेबल घेणं कोणाच्या खिशाला परवडत नाही. दोघांनी घ्यायचं आणि हरेल त्यानं भरायचं. म्हणजे पैसे कोण भरतो? ज्याला खेळ अजून येत नाही तो. नवशिका पोरगा महिनाभर भरत राहतो, मग एक तर येणं सोडतो, नाहीतर भाड्याच्या वरची पैज लावून वसूल करायला बघतो. ज्याचा हात बसला आहे तो फुकट खेळतो, आणि फुकट मिळतंय म्हणून दुबळे गडी शोधतो, तगडे नव्हे. असा नियम असलेल्या जागी जुगार वाढणार आणि खेळाडू घडणार नाही. त्यात पोरांच्या संस्काराचा भाग थोडा आणि तासाच्या हिशेबाचा फार.

जोन्स ज्या जगात खेळले तिथं वेगळी अडचण होती. इंग्रजांनी हा खेळ आणला तो छावण्यांतून आणि क्लबांतून. स्नूकर तर १८७५ साली जबलपूरला लष्करी अधिकाऱ्यांनी काढलेला खेळ मानतात. टेबल प्रचंड, खाली दगडी पाटी, वर लोकरी कापड. ते ठेवायला दालन हवं आणि राखायला माणूस. त्यामुळे तो क्लबातच राहिला, आणि क्लबात शिरायला सभासदत्व लागतं. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या बिलियर्ड्स दालनाला आज जोन्स यांचं नाव आहे. सन्मान योग्यच, पण नाव लागलेल्या त्या दालनात शिरायला आमच्या पोराला आधी एखादा सभासद गाठावा लागेल.

पार्लरनं ते दार मोडलं, हे पार्लरचं ऋण मी मानतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी धुळ्याच्या सामान्य घरातल्या मुलानं क्यू हातात धरणं कल्पनेतही नव्हतं. आज रिक्षावाल्याचा मुलगाही बोटांच्या घडीवर क्यू टेकवून सफाईनं पॉट करतो. दार उघडलं, पुढे मात्र काहीच नाही. प्रशिक्षक नाही, मोठं टेबल नाही. आशियाई स्पर्धांत १९९८ ते २०१० बिलियर्ड्स होतं, नंतर वगळलं. तेव्हापासून सरकारी खात्यांना त्याची आठवण ठेवायला निमित्तही उरलं नाही.

जोन्स यांच्या नावापुढे अर्जुन आहे, १९६५ ची पद्मश्री आहे, आणि खेळणं थांबवल्यावर शिकवायला घेतलं म्हणून १९९६ चा द्रोणाचार्यही आहे. मला यातला शेवटचा मोठा वाटतो. पुढे बिलियर्ड्सचा जगज्जेता ठरलेला पंकज अडवाणीही पुण्यातच जन्मला, १९८५ साली. घडला तो मात्र बंगळूरला, कारण गुरू तिथं भेटला.

जिल्हा क्रीडा संकुलात एक पूर्ण मापाचं टेबल यावं, हे मागून ठेवतो. कधी येईल ते माहीत आहे. पण पार्लरच्या मालकांना फाईल फिरवावी लागत नाही. सकाळच्या वेळी तुमची टेबलं झाकून पडलेली असतात. त्यातल्या दोन तासांत जो मुलगा किंवा मुलगी एकटी येईल, तिला चौथ्या हिश्शाच्या भाड्यात टेबल द्या. समोर गडी नको, पैज नको, सिगारेट तर नकोच. मुलींच्या आया तेवढ्या वेळात बाकावर येऊन बसल्या तर त्यांना खुर्ची द्या. विजेचा खर्च सुटेल की नाही, हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडाल. पण चार महिन्यांनी दुपारच्या गर्दीत त्यातलं कोण टेबलाचे पैसे भरत नाही, ते बघून ठेवा आणि मला कळवा.