बार उडाला नाही, म्हणून वाकून पाहिले...

‘‘उडाली तेव्हा काही झालं नाही, डॉक्टर. उडाली नाही, म्हणून तो बघायला गेला.’’

दिवाळीच्या दिवसांत आमच्या अपघात विभागात एका वडिलांनी सांगितलेले हे वाक्य. नववीतला मुलगा स्ट्रेचरवर होता. उजव्या डोळ्यावर आईचा ओला रुमाल, भुवया जळालेल्या, गालावर राखाडी ठिपके. त्याने घरीच ‘कार्बाइड गन’ जोडली होती. चार-पाच बार झाले. मग एकदा लायटर दाबूनही आवाज येईना. बिघाड कुठे आहे हे पाहायला त्याने नळीच्या तोंडाशी डोळा नेला आणि नेमका तेव्हाच बार उडाला.

वडिलांच्या बोलण्यात अपराधीपणा होता, तसा थोडा अभिमानही होता. ‘‘विकत नाही आणली, त्यानेच बनवली. मोबाइलवर बघून.’’ मुलगा हुशार होता, यात शंका नाही. प्रश्न त्याच्या हुशारीचा नव्हताच.

२०२५च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशातल्या इतर शहरांत जे घडले, ते वाचकांना आठवत असेल. पाइपच्या या देशी बंदुकांमुळे अवघ्या काही दिवसांत शंभराहून अधिक जणांना डोळ्यांच्या दुखापतींसाठी रुग्णालय गाठावे लागले. त्यात बहुतेक मुले होती आणि काहींची दृष्टी गेली. दीडशे-दोनशे रुपयांत रस्त्यावर मिळणारी ही वस्तू तिथल्या प्रशासनाने नंतर बंद केली. आपल्याकडे शेतात माकडे आणि पाखरे पळवण्यासाठी ती आधीपासून वापरात आहे. शेतातून ती अंगणात यायला वेळ लागत नाही.

लोकांना वाटते, धोका मोठ्या आवाजात आहे. तो आहेच. पण डॉक्टर म्हणून मला सर्वांत जास्त भीती वाटते ती बार न उडाल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाची. कार्बाइडला पाणी लागले की ॲसिटिलीन वायू तयार होतो. गॅस वेल्डिंगच्या दुकानात वापरतात तोच. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण २ ते १० टक्के असतानाच पेटतो. ॲसिटिलीन मात्र अडीच टक्क्यांपासून सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पेटू शकतो. म्हणजे ‘आता काही होणार नाही’ असे म्हणण्याजोगी अवस्था जवळजवळ नसतेच. बार झाला नाही, याचा अर्थ वायू संपला असा होत नाही. तो आतच असतो, ठिणगीची वाट पाहत. आणि आपला मुलगा त्याच वेळी एका हाताने लायटर दाबत दुसऱ्या बाजूने आत डोकावत असतो.

खऱ्या बंदुकीच्या नेमबाजीत याला पक्का नियम आहे. चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान ३० सेकंद थांबायचे आणि नळीत कधीही डोकवायचे नाही. अमेरिकेत सुटे भाग आणून घरी पिस्तूल जोडण्याचा आणि त्यातले बिघाड काढत बसण्याचा छंद असलेले हौशी लोक आहेत. त्यांनाही नेमबाजीच्या मैदानावर हा नियम आधी शिकावा लागतो. आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक बनवणे किंवा दुरुस्त करणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पण प्लॅस्टिकच्या पाइपला आपण बंदूक मानतच नाही, खेळणे मानतो. त्यामुळे तिच्याबरोबर ना भीती येते, ना शिस्त.

या दुखापतीत तीन गोष्टी एकदम होतात : धक्का, भाजणे आणि रसायन. पहिल्या दोन लगेच दिसतात. तिसरी आत काम करत राहते. कार्बाइड आणि पाणी यांच्यातून वायूबरोबर चुनाही तयार होतो. डोळ्यात अश्रू असतातच. आत उडालेले बारीक कण त्या ओलाव्यात चुना आणि उष्णता तयार करत राहतात. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून लहान मुलाचा डोळा गेल्याचे प्रसंग आपल्या सरकारी रुग्णालयांना नवे नाहीत. हा त्याच जातीचा घाव आहे. आम्लाने जळालेला पेशींचा थर गोठून काही प्रमाणात आडवा तरी येतो. चुन्यासारखा अल्कली पदार्थ पेशींची आवरणे विरघळवत खोल जातो. बुबुळाच्या कडेला असलेल्या मूळ पेशी त्यात जळाल्या, तर पारदर्शक पटल पुन्हा नीट तयार होत नाही. अशा डोळ्यात नेत्रदानातून मिळालेले पटल बसवले, तरी ते टिकणे अवघड असते. ‘डोळा बदलून टाका’ असे नातेवाईक म्हणतात, तेव्हा हे समजावून सांगणे आमच्या नेत्रविभागातल्या सहकाऱ्यांना फार जड जाते.

म्हणून पहिली काही मिनिटे घरच्यांच्या हातात असतात. डोळ्यात असे काही गेले, तर लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून धुवा. एक-दोन हबके मारून भागत नाही. घड्याळ लावून २० ते ३० मिनिटे धुवा. दुखऱ्या डोळ्याची बाजू खाली ठेवा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. चोळू नका. दूध, तूप, मध, गुलाबपाणी, घरातले जुने थेंब, काहीही घालू नका. त्वचेवर कोरडी भुकटी असेल, तर आधी सुक्या कापडाने झटका, मग भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात तुकडा रुतलेला दिसत असेल, तर मात्र तो काढू नका, दाबू नका. वर कागदी कप झाकून थेट नेत्रतज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठा. पाइप फुटला होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. प्लॅस्टिकचे तुकडे एक्स-रेमध्ये धातूसारखे स्पष्ट दिसत नाहीत. कानात शिट्टी वाजत असेल किंवा कमी ऐकू येत असेल, तर तेही सांगा.

आता बंदीविषयी. बंदी हवी, पण तेवढ्याने भागणार नाही. बंदूक म्हणून ही वस्तू जप्त करता येईल; पाइप आणि लायटर कोणत्या घरात नाहीत? खरा आळा घालायचा तो कार्बाइडला. कॅल्शियम कार्बाइड नियम १९८७ पासून आहेत. फळे पिकवण्यासाठी त्याच्या वापराला मनाई आहे. तरीही ते पुडीतून शाळकरी मुलाच्या हातात पडते, म्हणजे नियम कागदावर आहेत आणि माल बाजारात. माकडांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. त्याच्या पिकाच्या रक्षणाला दुसरा सुरक्षित उपाय मिळत नाही, तोवर ही नळी त्याच्या घरात राहणार. निदान ती मुलांच्या हाती लागणार नाही, एवढे त्याने पाहावे.

आमच्या बाजूलाही एक उणीव आहे. केसपेपरवर आम्ही ‘फटाक्याने भाजले’ एवढेच लिहितो. विकतचा फटाका की घरी जोडलेली नळी, याची नोंद राहत नाही. जे मोजले जात नाही, ते कोणालाच दिसत नाही. येत्या दिवाळीपासून प्रत्येक अपघात विभागाने हा एक शब्द लिहावा, असा माझा आग्रह आहे.

आणि पालकांसाठी. टिकल्यांचे पिस्तूल उघडून त्याचा अडकलेला चाप सरळ करण्यात आमच्या पिढीची निम्मी दिवाळी गेली. स्प्रिंग कुठेतरी उडायची, मग ती शोधण्यात संध्याकाळ जायची. वस्तू उघडून पाहण्याची ती खोड वाईट नाही; तिनेच पुढे अनेकांना कारखान्यात, प्रयोगशाळेत आणि शस्त्रक्रियागृहातही नेले. त्यामुळे पोराला ‘नसते उद्योग’ म्हणून रागावू नका. त्याला बिघडलेला पंखा द्या, जुना रेडिओ द्या, सायकल उघडू द्या. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगा : ज्यात काही पेटते, ते घरी जोडायचे नाही. आणि दुसऱ्या कोणी जोडलेले उडाले नाही, तर जवळ जायचे नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची.

त्या मुलाला उजव्या डोळ्याने आता उजेड कळतो, बोटे मोजता येत नाहीत. शेवटच्या तपासणीला आला तेव्हा त्याने मला विचारले, ‘‘सर, पण ती उडाली का नव्हती?’’ मी त्याला सगळे समजावून सांगितले. हेच त्याला दिवाळीच्या आधी कोणीतरी सांगायला हवे होते.